वाचक विचारतात : पूर ओसरल्यावर कुणाच्या घरी जाताना

प्रश्न : पंचगंगेचा पूर ओसरला की आमच्या चर्चच्या मंडळीतले आठ-दहा जण पूरग्रस्तांच्या घरी जातात. बायबलमधलं वचन वाचतो, प्रार्थना करतो, धान्याचं किट देतो. तरी घरची माणसं अवघडून उभी राहतात. आमचं कुठे चुकतं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची तळमळ खरी आहे, क्रम चुकतोय. कमरेइतकं पाणी राहून गेलेल्या घरात टेकायला कोरडी जागा नसते. तिथे आठ-दहा पाहुणे उभे राहिले की घरच्या बाईचा जीव कानकोंडा होतो. चौघेच जा, आणि फावडी, घमेली, खराटे घेऊन, गमबूट घालून जा. गाळ ओला असेपर्यंत पाण्याबरोबर ढकलता येतो. एकदा वाळला की खणून काढावा लागतो. म्हणून भेट रविवारच्या उपासनेपर्यंत लांबवू नका. आत शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे ना, ते पाहा. वायरमनने तपासल्याशिवाय कुणाला चालू करू देऊ नका. पायाला जखम असेल त्याने गाळात उतरू नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. आणि पंचनामा व्हायचा असेल तर भिजलेल्या गाद्या, धान्य, फ्रिज फेकण्याआधी घरच्यांच्याच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर आपल्या उत्साहापायी त्यांची भरपाई अडकते. मदत देतानाचे फोटो मात्र काढूच नका.

शेगडीच भिजली असेल तर कच्च्या धान्याचं काय करणार? पहिले काही दिवस भाकरी-पिठलं आणि उकळून गार केलेलं पाणी न्या. बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत का, ते विचारा. सॅनिटरी पॅड, आतले कपडे बायका तोंडाने मागत नाहीत. महिला मंडळातल्या बहिणींनी ते आधीच पिशवीत घालावेत.

भिजलेला लग्नाचा अल्बम हाती लागला तर चिकटलेले फोटो ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हाताने सोडवा, चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवा. असं काम शेजारी बसून करताना माणूस आपणहून बोलू लागतो. तेव्हा ऐका. “निदान जीव तरी वाचला”, “देव परीक्षा बघतोय” ही वाक्यं नकोत. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. कारणं सांगू लागले आणि त्याच्या जखमेवर मीठ पडलं.

प्रार्थना विचारून करा, दोन मिनिटांत आटपा. यशया 43 मधलं ‘नद्या तुला बुडवणार नाहीत’ हे वचन अशा वेळी हमखास वाचलं जातं. ज्याचं घर आत्ताच बुडालं त्याला ते टोचतं. त्यापेक्षा स्तोत्र 69 काढा. पाणी गळ्याशी आलंय, चिखलात पाय ठरत नाही, असा आक्रोश तिथे देवापुढेच केलेला आहे. शेजारचं घर ख्रिस्ती नसलं तरी गाळ तितकाच उपसा, आणि पिशवीत पत्रकं घालू नका. अडचणीतल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही. त्याचा फायदा घेणं ही प्रभूची करुणा नव्हे.

महिन्याभराने पुन्हा जा. तेव्हा भिंती ओल्याच असतात, हप्ते थकलेले असतात आणि मदतवाले पांगलेले असतात. पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की त्याच दिवशी फोन करा. धोका पातळी 43 फूट आहे, पण धडकी त्याआधीच भरते. सामान हलवायला माणसं तेव्हाच पाठवा.

प्रश्न : भेटीत कुणी “आता जगावंसं वाटत नाही” म्हणालं तर?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : विषय बदलू नका, “असं बोलणं पाप आहे” असंही म्हणू नका. “जीव द्यायचा विचार येतो का?” असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार वाढत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं दुसरीकडे हलवा, विश्वासातल्या एका नातेवाइकाला बोलवा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं. धोका लगेचचा वाटला तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात घेऊन जा, आणि पाळकांना त्यानंतर कळवा.