दडे बसलेले कान आणि भिंत ओलांडणारा आवाज

गणपती-नवरात्र झाले की कानाच्या दवाखान्यात दर वर्षी तेच गैरसमज घेऊन माणसं येतात. यंदा काही प्रश्नांची उत्तरं इथेच देते.

वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून का येतो?

प्रकाश जवळजवळ तत्क्षणी पोचतो, आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मधले सेकंद मोजून तीनने भागा, वीज किती किलोमीटरवर पडली ते कळेल.

मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते. गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण छातीत धमधम होते. दारं-खिडक्या लावूनही उपयोग नाही. असं का?

50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांच्या, खर्जाची एक लहर जवळजवळ 7 मीटर लांब असते, दोन मजल्यांहून मोठी. 5,000 हर्ट्झची लहर बोटाएवढी, 7 सेंटीमीटरची. बोटाएवढ्या लहरीला इमारतीचा कोपरा अडवतो आणि पलीकडे आवाजाची सावली पडते. 7 मीटरची लहर त्याच कोपऱ्याला वळसा घालून येते. भिंतही खर्जाला कमीच अडवते.

आणखी एक. आवाजाच्या मीटरवरच्या नेहमीच्या 'ए' मोजणीत 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे 'मीटरवर तर कमी दिसतंय' एवढ्यावर गप्प बसू नका. ध्वनिमापन जाणणाऱ्याकडून 'सी' मोजणीही करून घ्या, तिच्यात खर्ज एवढा कमी धरला जात नाही.

भिंतीला फोम किंवा अंड्याचे ट्रे लावले तर?

बाहेरचा आवाज थांबणार नाही. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, ट्रेने तोही फारसा नाही. 'साउंडप्रूफ' असा शिक्का मारून हा फोम विकतात, याचा मला मनापासून राग येतो. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. पैसे देण्याआधी जाणकार सल्लागाराला खोली दाखवा.

मुलगा डीजेजवळ दोन तास नाचला. कानाला दडे बसलेत, आत सतत 'कुंई' वाजतं. शेजारी म्हणतात, कोमट तेल घाला, चार दिवसांत जाईल.

तेल घालू नका. इजा कानाच्या आतल्या, शंखासारख्या वळलेल्या भागात झालेली असते, तिथवर तेल पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर उलट अपाय होईल.

डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. 3 डेसिबल वाढले की लहरीची ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दहापट. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरली, तर पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. तुमचा मुलगा दोन तास होता! त्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसपेशी सुमारे 15,000. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. दडे सुटले म्हणजे सगळं भरून आलं असंही नाही. पहिली घट बहुधा 4,000 हर्ट्झच्या आसपास होते, रोजच्या बोलण्यात ती जाणवत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. मग 'स', 'श' नीट कळेनासे झाले की माणसं येतात, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

ऐकू कमी येत असेल तर उद्याची वाट पाहू नका, आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काही प्रकारच्या बहिरेपणात औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. ते औषध कोणतं, हे दुकानदाराला विचारू नका. ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्या आणि तोवर मुलाला मोठ्या आवाजापासून लांब ठेवा.

आठ महिन्यांच्या बाळाला मिरवणुकीत नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावले तर चालतील?

नको. ते उलटी लहर सोडून मूळ लहर खोडतात. विमानाच्या एकसुरी घरघरीत ते जमतं, ताशाच्या अचानक ठोक्यात तितकं नाही. न्यायचंच असेल तर बाळाच्या मापाचे, पूर्ण कान झाकणारे इअरमफ घाला आणि लांब उभे राहा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात, अरुंद गल्लीत भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे तेवढे उतरत नाहीत. आणि बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, तर मिरवणूक राहू द्या, आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून श्रवणचाचणी करा.