रानात आपोआप झालेली वनस्पती 'संकरित' की 'संकरज'?

प्रश्न असा होता की दोन रानटी जातींचा आपसूक संकर होऊन जी वनस्पती तयार होते तिला 'संकरित' म्हणता येईल का, कारण शेवटी -इत आहे म्हणजे ते कुणीतरी केलंय असा अर्थ होतो ना?

व्याकरणाने चालतं, पण मी वापरणार नाही.

-इत म्हटलं की प्रकाशित, संपादित, आयोजित असले शब्द आठवतात आणि करणारा कुणीतरी दिसायला लागतो, पण अंकुरित, पुष्पित, पल्लवित हेही त्याच घरातले, आणि बीला अंकुर फोडायला कुणी जात नाही. अंकुर आलाय ते अंकुरित, तसं संकर झालाय ते संकरित, इतकं सरळ आहे. खरी अडचण वापराची. संकरित बियाणं, संकरित वाण, संकरित गाय हे इतकं कानावर पडलंय की संकरित म्हणजे हायब्रीड म्हणजे माणसाने मुद्दाम केलेलं, हे समीकरण पक्कं झालंय. म्हणून रानातल्यासाठी 'नैसर्गिक संकर' लिहावं, आणि एकच शब्द हवा असेल तर 'संकरज', संकरातून जन्मलेलं. क्रियेला 'संकरण'. (संक्रमण नाही हं, ते क्रम् धातूवरून, ही गल्लत फार होते.)

संकर हा सम् + कॄ वरून आलाय, कॄ म्हणजे विखुरणं, ओतणं. 'संकीर्ण' त्याचाच भाऊ. पण मला सगळ्यात आवडतो तो अलंकारशास्त्रातला संकर. एका श्लोकात दोन अलंकार तीळ आणि तांदळासारखे वेगवेगळे ओळखू येत असतील तर ती संसृष्टी, आणि दूध-पाण्यासारखे एकजीव झाले असतील तर तो संकर. वनस्पतींमध्ये अगदी हेच घडतं. एका उतारावर दोन जाती शेजारी शेजारी वाढतायत तोवर तीळ-तांदूळ, पण त्यांचा संकरज पुन्हा एका मूळ जातीशी फळत गेला, पिढ्यानपिढ्या, की एकीची जनुकं दुसरीत कायमची मुरतात. एडगर अँडरसनने १९४९ साली या मुरण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं.

आता संवर्धनाचं. संकर शब्दाला आपल्याकडे जुना डाग आहे, गीतेच्या पहिल्याच अध्यायात वर्णसंकर येतो तो दोष म्हणून. मग मराठीत लिहिताना नकळत 'जनुकीय भेसळ', 'अशुद्ध झाड' असं लिहिलं जातं, आणि याला माझा ठाम विरोध आहे, कारण अशा शब्दांनी झाड वाचवायचं की नाही हे आधीच ठरून जातं.

इंग्लंडमधल्या यॉर्कची गोष्ट बघा. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर सेनेशिओ या वनस्पतींच्या वंशातल्या दोन जाती आहेत, एक वर उंचावर आणि एक खाली, आणि मधल्या पट्ट्यात त्यांचा संकर होतो. तिथलं रोप ऑक्सफर्डच्या बागेत आलं, तिथून निसटलं, रेल्वेच्या रुळांखालची खडी त्याला लाव्ह्यासारखीच मानवली आणि ते गाडीच्या वाटेने देशभर पसरलं. मग त्याचा तिथल्या साध्या सेनेशिओशी, म्हणजे त्याच वंशातल्या एका नेहमीच्या जातीशी, संकर झाला आणि १९७९ मध्ये यॉर्क स्टेशनजवळच्या कार पार्कमध्ये एक नवीच वनस्पती सापडली. साध्या सेनेशिओच्या फुलाला कडेच्या पाकळ्या बहुधा नसतात, हिला होत्या, आखूड पिवळ्या. सेनेशिओ इबोरासेन्सिस. नावात गुणाकाराचं चिन्ह नाही (संकरजाच्या शास्त्रीय नावात देतात ते, एक्स अक्षर नव्हे), कारण तिला स्वतंत्र जात मानलं गेलं. पुढे तणनाशकं आणि साफसफाईत ती रानातून संपली, पण बियाणं बीज-बँकेत ठेवलेलं होतं आणि २०२३ मध्ये यॉर्कमध्येच ते पुन्हा पेरलं गेलं. हिला भेसळ म्हणून सोडून दिलं असतं तर?

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. कॅलिफोर्नियाच्या सांता कॅटलिना बेटावर सर्कोकार्पस ट्रास्की नावाचं झाड आहे, जगात फक्त तिथेच, आणि मोठी झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पान उलटलं की खाली पांढरी दाट लोकरीसारखी लव. शेजारी त्याच वंशाची दुसरी जात भरपूर आहे, तिच्या परागांमुळे संकरज उगवतात आणि त्यांची लव मधल्याच धाटणीची, धड दाट नाही धड विरळ नाही. इथे संकर म्हणजे वाटीभर दुधात घागरभर पाणी. म्हणून बी गोळा करताना आधी जनुकं तपासून आईबाप कोण ते बघावं लागतं.

या प्रकाराला इंग्रजीत जो शब्द आहे (जेनेटिक स्वॅम्पिंग) त्याचं 'जनुकीय दलदल' असं शब्दशः भाषांतर करू नका प्लीज. 'संकरातून विरून जाणं' म्हणा, 'ही जात शेजारच्या जातीत विरत चाललीय' हे कुणालाही कळतं आणि त्यात कुणाला अशुद्धही ठरवलं जात नाही. आणि 'नैसर्गिक' लिहिताना जरा थांबा: यॉर्कमध्ये संकर झाला तो आपसूकच, पण एटनावरचं रोप माणसाने आणलं होतं. तिथे 'आपसूक संकर' लिहावं, 'नैसर्गिक' नको.