गजकर्ण रक्तातून येते का?

प्रश्न : गेल्या दोन वर्षांत माझे पती, धाकटे दीर आणि माझा मुलगा या तिघांनाही गजकर्ण झाले. मलम लावले की चार दिवस बरे वाटते, थांबवले की पुन्हा उमटते. सासऱ्यांनाही ते होत असे, म्हणून सासूबाई म्हणतात की हे घराण्यातच आहे. मला मात्र काहीच झालेले नाही. बुरशीचा आजार खरोखर आनुवंशिक असतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बुरशी वारशाने येत नाही, ती टॉवेलवरून, अंथरुणावरून आणि ओलसर कपड्यांवरून येते. वारशाने येऊ शकते ते तिला अडवणाऱ्या शारीरिक यंत्रणेतले एखादे वैगुण्य.

बुरशीच्या पेशीभोवती बीटा-ग्लुकान नावाच्या शर्करेचे कवच असते. आपल्या पांढऱ्या पेशींवरील डेक्टिन-१ हा रेणू ते कवच ओळखतो, कार्ड-९ हे प्रथिन तो निरोप पेशीच्या आत पोहोचवते आणि त्यातून पुढे इंटरल्युकिन-१७ सारखी, त्वचेचे व श्लेष्मल आवरणाचे रक्षण करणारी रसायने निर्माण होतात. साखळीची कोणती कडी कच्ची आहे, यावर आजाराचे रूप ठरते. २००९मध्ये एका डच कुटुंबातील स्त्रियांमध्ये डेक्टिन-१चा दोष सापडला. त्यांना योनिमार्गात कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग किंवा नखांची बुरशी वारंवार होत असे, परंतु बुरशी गिळून मारण्याची पांढऱ्या पेशींची क्षमता शाबूत असल्यामुळे संसर्ग शरीरात खोलवर गेला नाही.

कार्ड-९चा दोष मात्र गंभीर असतो. अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्को येथील ८ कुटुंबांतल्या १७ रुग्णांचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे ज्याला नायटा म्हणून सोडून दिले जाते, त्याच जातकुळीची बुरशी या रुग्णांच्या त्वचेखालच्या ऊतींत आणि लसिकाग्रंथींत शिरली होती, आणि त्यांतले काही जण दगावले. हा दोष अप्रकट स्वरूपाचा आहे, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच आजार होतो; म्हणून नात्यातल्या लग्नांमध्ये त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत आहे, त्यामुळे डॉक्टरांनी याविषयी विचारले तर संकोच न करता सांगावे.

आता आपल्या घराविषयी. आपण दिलेल्या माहितीवरून मला यात आनुवंशिक दोषाची लक्षणे दिसत नाहीत. अप्रकट दोष सहसा एकाच पिढीतल्या भावंडांत दिसतो. आजोबा, मुलगे आणि नातू असा सरळ उतरत नाही. शिवाय तिघांनाही दोन वर्षांच्या आतच लागण झाली, यावरून संशय सामायिक टॉवेलवर आणि त्याहूनही अधिक त्या मलमावर जातो. (‘लावले की बरे, थांबवले की पुन्हा’ हे वाक्य त्वचारोगतज्ज्ञांना रोज ऐकावे लागते.) ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, ते खाज आणि लाली दडपते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दुबळी करते आणि बुरशी निर्धास्त पसरते. त्यातच ट्रायकोफायटन इंडोटिनी ही भारतात फैलावलेली बुरशी टर्बिनाफिन या बुरशीरोधक औषधाला अनेकदा दाद देत नाही, म्हणून त्वचेच्या खरवडीची तपासणी करून तिघांवर एकाच वेळी, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस उपचार व्हायला हवेत.

आनुवंशिक दोषाची शंका वेगळ्या परिस्थितीत घ्यावी : लहानपणापासून तोंडात व नखांत हटून बसलेला कँडिडा, गाठी किंवा जखमा होऊन खोल जाणारे गजकर्ण, किंवा मुलाच्या फुप्फुसात ॲस्परजिलस बुरशीचा संसर्ग. या शेवटच्या प्रकारामागे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज असू शकतो. त्यात पांढऱ्या पेशी बुरशीला गिळतात, पण मारू शकत नाहीत. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून आई निरोगी दिसते आणि आजार मुलग्याला होतो. डीएचआर या रक्ततपासणीने तो ओळखता येतो, आणि निदान झाल्यावर इट्राकोनॅझोल हे बुरशीरोधक औषध प्रतिबंध म्हणून नियमित दिले जाते. आपल्या मुलाला वारंवार न्यूमोनिया किंवा पुवाळलेल्या गाठी झाल्या असतील, तरच बालरोगतज्ज्ञांकडे या तपासणीचा विषय काढावा.