कागद कारखान्याशी निलगिरीचा करार करावा का? दर किती मिळतो आणि कंपनीशी पुढे बोलणं कसं ठेवावं?

करार करा. पण कंपनीच्या नोंदवहीत वावरात राबणाऱ्या माणसाचा फोन नंबर आहे का, ते आधी बघा. दराची घासाघीस त्यानंतर.

आमचं वावर विदर्भात. सातबारा नवऱ्याच्या नावावर, नवरा पुण्यात नोकरीला, शेती माझ्याकडे. क्लोनची, म्हणजे निवडक झाडाच्या फांदीपासून केलेली, निलगिरीची रोपं लावल्यापासून पहिल्या उन्हाळ्याचं पाणी, वाळवी, ओळींमधली तूर, सगळं मी पाहिलं. कंपनीचा माणूस यायचा आणि धुऱ्यावरूनच विचारायचा, "मालक कुठं आहेत?" मी समोर उभी असताना तो पुण्याला फोन लावायचा.

तोडणीचा निरोपही पुण्यालाच गेला. तोवर तो माणूस बदलून गेला होता आणि नव्याला आमचं वावरही माहीत नव्हतं. टोळी आली, झाडं आडवी झाली, साल सोलून झाली, गाडी मात्र आली नाही. एप्रिलचं ऊन. पैसे टनावर मिळतात आणि कापलेलं लाकूड रोज हलकं होत जातं. मी फोन केला की उत्तर एकच, "खातेदारांना बोलायला सांगा." शेवटी काट्यावर कळलं की ठरावीक घेराखालचा माल घेतच नाहीत. करारात होतं म्हणे. करार इंग्रजीत, तोही पुण्याच्या कपाटात.

माझे दीर अजून म्हणतात, कंपनीनं लुटलं. नाही भाऊजी, दर ठरल्याप्रमाणेच मिळाला. आपलं नुकसान झालं ते कुणी न सांगितल्यामुळं, आणि हा फरक मी सोडणार नाही. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीत लिहिलंय की कारखान्यांनी कच्चा माल उत्पादकांशी थेट संबंध ठेवून मिळवावा. त्यांना कर्ज, सततचा तांत्रिक सल्ला आणि शेवटी तोडणी-वाहतुकीची मदत द्यावी. रोपं देऊन चार वर्षांनी थेट टोळी पाठवणं याला सततचा सल्ला म्हणत नाहीत.

तेव्हा घेर, लांबी, साल कुणी सोलायची, गाडीभाडं कुणाचं, हे मराठीत लिहून घ्या. गाडीची तारीख कळल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका. काटापट्टी त्याच दिवशी मागा. माणूस बदलला तर नव्याला वावरात बोलावून धुरे दाखवा. मी भांडून नोंदवहीत माझा नंबर घालून घेतला. आता तोडलेल्या खुंटांवरचे फुटवे कधी विरळायचे हे ते मला विचारतात.

दर जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो, तो तुमच्याच भागातल्या कास्तकारांना विचारा. आणि हो, धुऱ्याला चिकटून लावू नका, शेजारच्या पिकाचं पाणी ओढते. विहिरीलगत तर नकोच. निलगिरी पाणी ओढते, हे भाऊजी म्हणतात तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण सगळं उपटून परत कापूस लावा, हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. खुंट काढायला जेसीबी लागतो, आणि त्याच खुंटांवर दुसरी तोडणी येते, रोपांचा खर्च न करता.