मुलाची वकिली सोडवू नका, निवडणूक तुम्ही लढा

प्रश्न : मी नागपूरच्या मानेवाड्यात राहतो, एका पक्षाचा 25 वर्षांपासूनचा कार्यकर्ता आहे. प्रभागात पाण्याचा टँकर असो की तुंबलेली गडर लाइन, लोक मलाच फोन करतात. मुलगा एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्या ओळखीचे तरुण खासदार अगदी थोड्या मतांनी निवडून आले. ते मुलाला पीए म्हणून घ्यायला तयार आहेत. त्याने कॉलेज सोडून जावं, पुढे तिकीट मिळवावं, असं आम्ही ठरवलं. बेसाचा प्लॉटही विकू. पण तो हट्टाने वकिलीच पूर्ण करायची म्हणतो. त्याला समजवा.

उत्तर : भाऊ, चौथ्या वर्षाचा मुलगा पदवी पूर्ण करतो म्हणतो, याला हट्ट म्हणत नाहीत. त्याला काय आवडतं, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. प्लॉटची गोष्ट त्याच्यासमोर काढत असाल तर आधी ती थांबवा. बाप जमीन मोडायला निघाला म्हटल्यावर पोरगा मनातलं बोलेल कसा? उद्या तो हरला, तर पराभवापेक्षा तुमचा प्लॉट गेला हेच त्याला जन्मभर खात राहील.

एकदा खासदार झालं की आयुष्य मार्गी लागलं, हा तुमचा समज मात्र पार चुकीचा आहे. 2024 मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल 48 मतांनी लागला, धुळ्याचा 3,831 मतांनी. अशा जागेवरचा तरुण खासदार अधिवेशन संपलं की धावत मतदारसंघात येतो. सहा विधानसभा क्षेत्रांतली लग्नं, तेरव्या, रस्त्यांची भांडणं त्यालाच पाहावी लागतात. एवढं करूनही युतीच्या वाटपात जागा मित्रपक्षाला गेली की तिकीटच नाही. माजी खासदाराला महिन्याला 31 हजार पेन्शन मिळते, त्यात कार्यालय आणि कार्यकर्ते सांभाळले जात नाहीत. मग हाताशी आपला धंदा नसलेला माणूस पक्षश्रेष्ठींपुढे मान वर करू शकत नाही. त्याच्या पीएला तर पेन्शनही नाही. साहेब पडले की तोही घरी. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये इथेच नगरसेवक झाले, हे तुम्ही मुलाला नक्की ऐकवत असाल. त्यांनी कायद्याची पदवी नागपुरातच पूर्ण केली, हेही सांगा.

पदवीनंतर हायकोर्टाच्या खंडपीठात प्रॅक्टिस, तीन वर्षांनी न्यायाधीशपदाची परीक्षा, हे रस्ते त्याला ठाऊक असतीलच. संसदेच्या कामाची ओढ त्याला स्वतःला असेल, तर पदवीनंतर खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरतं. पास काढून गॅलरीत बसू द्या.

आणि खरं सांगू का? ही इच्छा तुमची आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नगरसेवक व्हायला किमान वय 21 लागतं, कमाल वयाची अट नाही. 25 वर्षं लोकांच्या दारात उभे राहिलात. तिकिटावर पोरापेक्षा तुमचा हक्क आधी. पुढच्या वेळी प्रभागाच्या आरक्षणाची सोडत निघाली की पक्षाकडे स्वतःच्या नावाने अर्ज करा. पीएच्या जागेसाठी मात्र खासदारांना आजच नाही म्हणून कळवा, म्हणजे मुलगा परीक्षेला मोकळ्या मनाने बसेल.