ज्यांना कळू नये, त्यांची यादी

“हे सगळं मुंबई-पुण्याला असतं हो मॅडम, आपल्यासारख्या गावात कुठे काय आहे?” कोणाची मदत घेता का, या प्रश्नावर माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसून निरनिराळ्या माणसांनी गेल्या एकोणीस वर्षांत सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य हे आहे. घरात अंथरुणाला खिळलेली आई असो, दारूपायी नोकरी गमावलेला मुलगा असो की दहावीनंतर खोलीबाहेर न पडणारी मुलगी असो, वाक्य तेच असते. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी समुपदेशन करते. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांकडून हे वाक्य ऐकले, तेव्हा काही वर्षांपूर्वीच्या एका बाईंची आठवण झाली. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती हकिगत इथे लिहिते आहे.

त्या बाई पन्नाशीच्या होत्या आणि झोप येत नाही एवढीच तक्रार घेऊन आल्या होत्या. डोळ्यांखाली काळे पडले होते आणि बोलताना त्यांचा एक हात सतत कमरेच्या किल्ल्यांवर जात होता. घरी एकोणऐंशी वर्षांचे सासरे होते. गावातल्या दोन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले होते. दोन वर्षांपासून त्यांना माणसे ओळखू येईनाशी झाली होती, पण समोर चादर आली की तिची कड दोन बोटांत धरून ते अजूनही माप घेत. पहाटे उठून ते स्टँडवर जात आणि ज्या गावी त्यांचे बालपण गेले तिथली गाडी पकडू पाहत. पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एस. टी. चा प्रवास मोफत आहे आणि आधार कार्ड सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे, त्यामुळे पैशांवाचूनही त्यांचे काही अडत नव्हते. एकदा कंडक्टरने रीतसर शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले आणि ते बारा किलोमीटर लांब जाऊन पोहोचले. त्यानंतर बाईंनी दाराच्या कडीला घुंगरू बांधले. ते वाजले की त्या उठत, आणि वाजले नाही तरी वाजल्यासारखे वाटून उठत.

नवरा बाजारातल्या दुकानात सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत. दीर डोंबिवलीला. गणपतीला आणि शिमग्याला ते यायचे, दीड-दोन दिवस राहायचे आणि “बाबा तर माझ्याशी छान बोलले” असे सांगून परत जायचे. हे मी अनेक घरांतून ऐकले आहे. अशा रुग्णांना पाहुण्यासमोर थोडा वेळ सावरून बोलता येते, आणि त्या थोड्या वेळाच्या जोरावर चोवीस तास सांभाळणाऱ्या बाईला खोटे ठरवले जाते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. “परवा मी त्यांच्या हातावर फटका मारला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मास्तरांना सांगू नका.’” एवढे बोलून त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

मी त्यांना कोणाकडून मदत घेता का असे विचारले, तेव्हा ते नेहमीचे वाक्य आले. मी म्हटले, “समजा, ती मदत आपल्या गावात आहे. मग?” त्या चटकन म्हणाल्या, “मग काय, खिडकीत बसलेला माणूस ओळखीचाच निघणार. संध्याकाळपर्यंत बाजारात कळणार. रत्नागिरीला नेलं म्हटलं की लोक एकच अर्थ लावतात.” राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूर इथे. आमच्या भागात त्या गावाच्या नावाला ही एक सावली चिकटलेली आहे.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या आणि मराठीत डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडलेली समुपदेशक आहे, त्यामुळे माणूस काय सहन करतो याच्या जोडीने तो स्वतःशी कोणते वाक्य बोलतो याकडे माझे लक्ष जाते. मराठीत तर आपल्या आग्रहाला एक अक्षरच दिलेले आहे. “मला करायला हवं” यात कर्तव्य आहे, आणि “मलाच करायला हवं, कुणाला कळताच कामा नये” यातला ‘च’ रात्रभर जागवतो. बाईंच्या पहिल्या वाक्यामागे हे दुसरे वाक्य दडले होते. गावात काही नाही असे म्हटले की मागायला जाण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि न मागण्याबद्दल स्वतःला दोषही द्यावा लागत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी अशा वेळी दूरध्वनी क्रमांकांचा छापील कागद हातात देत असे. तो कागद देवघरातल्या ड्रॉवरमध्ये जातो आणि तिथेच राहतो, हे समजायला मला काही वर्षे लागली. म्हणून या बाईंना तिसऱ्या भेटीत मी वेगळे काम दिले. कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटले, “ज्यांना हे कळू नये असं तुम्हांला वाटतं, त्यांची नावं लिहा. आणि प्रत्येकासमोर लिहा, की त्यांना आज काय माहीत आहे.”

त्यांनी आधी शेजारच्या काकू लिहिल्या. समोर लिहिले, ‘फाटकाला बाहेरून कडी घालतात’. मग स्टँडवरचे कंट्रोलर: ‘तीनदा बाकावर बसवून फोन केला’. टपरीवाला: ‘चहा देतो, पैसे घेत नाही’. घरी येणारे न्हावी, मेडिकलवाले, आशाताई आणि आणखी काही नावे. मग वाचनालयाचे ग्रंथपाल. सासरे दुपारी तिथे जाऊन बसत आणि वर्तमानपत्र उलटे धरत. बाईंनी लिहिले, ‘पेपर सरळ करून हातात देतात’. पेन तिथेच थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले.

“रोज देतात,” त्या म्हणाल्या. “मी न्यायला जाते तेव्हा बघते ना. काही बोलत नाहीत. नुसता सरळ करतात.” आणि जरा वेळाने, “म्हणजे यांना सगळ्यांना कळलेलंच आहे.”

“किती झाले?” मी विचारले.

“अकरा.”

त्या रडल्या नाहीत. कमरेच्या किल्ल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या, आणि उरलेला अर्धा तास त्या तिथेच राहिल्या. मी त्या अर्ध्या तासात फार काही बोलले नाही, आणि ते बरोबर केले असे मला आजही वाटते. लहान गावात गुपित राहत नाही ही त्यांची भीती खरी होती, मात्र त्या भीतीचा दुसरा अर्धा भाग त्यांनी कधी पाहिला नव्हता. गावाला कळून दोन वर्षे झाली होती. अकरा माणसे कोणी न सांगता आपापल्या जागी उभी होती. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता न आल्यामुळे त्या मदतीचा उपयोग मात्र तुटक होत होता. गुपित असे उरलेच नव्हते, ते राखण्याचे श्रम तेवढे बाईंच्या वाट्याला आले होते.

यापुढचे काम सोपे होते असे नाही, पण ते करता येण्याजोगे होते. अशा घरांना मी जे सांगते, ते इथे जरा विस्ताराने सांगते.

पहिली गोष्ट तपासणीची. विसरणे हे वयामुळे असणारच असे धरून आपण थांबतो. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते, आणि यांवर उपचार आहेत. खरा स्मृतिभ्रंश असला तरी त्यात लाजण्यासारखे काही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातल्या साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना तो आहे. यासाठी थेट मनोरुग्णालय गाठावे लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांत येते. आपल्याकडे कोणत्या दिवशी येते ते केसपेपरच्या खिडकीवर विचारावे, आणि नीट कळले नाही तर आशाताईंना विचारावे. त्यांना गावातले वेळापत्रक बहुधा तोंडपाठ असते. खिडकीतला माणूस ओळखीचा असेल ही भीती वाटत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे हे लक्षात ठेवावे. बाईंनी हे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवले होते. ते कुणाला दाखवण्याची वेळ आली नाही.

रात्री कोणाशी बोलावे हा वेगळा प्रश्न असतो. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही चालते. ती रुग्णाइतकीच सांभाळणाऱ्यासाठीही आहे. बाईंनी तिथे पहिला फोन मध्यरात्री दीड वाजता केला आणि पुढच्या भेटीत मला सांगितले, “त्या मुलीने आधी मीच जेवले का ते विचारलं.” ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो आणि आरोग्यापासून निवृत्तिवेतनापर्यंतची माहिती देतो.

अनेक मध्यमवर्गीय घरे आपण दारिद्र्यरेषेखाली नाही म्हणून सगळ्याच दारांवरून परत फिरतात. उत्पन्नाची अट काही ठिकाणी आहे. उदाहरणार्थ, श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षांवरील आणि वार्षिक २१,००० रुपयांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या निराधारांना दरमहा १,५०० रुपये मिळतात आणि अर्ज तहसील कचेरीत करायचा असतो. पण वर सांगितलेल्या सेवांना अशी अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. मुले वृद्धांकडे पाठ फिरवतात तिथे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, आणि सुनावणीआधी प्रकरण समेटासाठीही पाठवता येते. आमच्या बाई म्हणाल्या, “दिरांवर अर्ज नको.” मीही आग्रह धरला नाही. नात्याचे बोलणे अजून संपले नव्हते.

बऱ्याच गावांत एखादी संस्था किंवा मंडळ अनामत घेऊन कमोडची खुर्ची, वॉकर, हवेची गादी वापरायला देते. हे औषधांच्या दुकानात विचारले तर हमखास कळते. ही साधी वस्तू घरात आली की पाठदुखी निम्म्याने कमी होते, आणि पाठ दुखायची थांबली की चिडचिडही कमी होते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

मात्र या सगळ्यापेक्षा अवघड आहे ते मागण्याचे वाक्य. “जरा लक्ष ठेवा हं” असे म्हटले तर समोरचा मान डोलावतो आणि विसरतो, कारण त्याला नेमके काय करायचे ते कळलेले नसते. म्हणून मदत लहान, ठरलेली आणि संपणारी मागावी. बाईंनी माझ्यासमोर तीन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहिली, प्रत्येक दोनदा. काकूंना, “मंगळवारी चार ते सहा तुम्ही बाबांजवळ बसाल का? मी आडवी होणार आहे.” कंट्रोलरना, “बाबा दिसले तर गाडीत चढू देऊ नका, हे दोन नंबर तुमच्या टेबलावर चिकटवून ठेवा.” ग्रंथपालांना, “ते पाचला उठले की मला फोन करा.” पहिल्या वाक्यातले “मी आडवी होणार आहे” म्हणताना त्यांची जीभ अडखळत होती. बाजारात जायचे आहे असे खोटे कारण सांगू का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. दोन तास झोपायचे आहे हे कारण पुरेसे आहे, आणि ते मान्य करणे हाच त्या आठवड्याचा गृहपाठ होता.

काकू पहिल्या मंगळवारी आल्या त्या शिवणाच्या जुन्या कापडांचे गाठोडे घेऊन. सासरे दोन तास कडा मोजत बसले.

दिरांशी बोलणे शेवटी झाले. “तुम्ही काहीच करत नाही” या वाक्याऐवजी बाईंनी फोनवर सांगितले, “या गणपतीला तुम्ही आठ दिवस या. त्यातले दोन दिवस मी माहेरी जाणार आहे.” दीर आले. पाचव्या दिवशी, गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावर, त्या सात वर्षांत पहिल्यांदा माहेरी मुक्कामाला गेल्या.

त्या रात्री साडेदहाला दिरांचा फोन आला. “वहिनी, दाराला घुंगरू बांधलंय ते वाजलं, तर दर वेळी उठायचं का?”

“हो,” बाई म्हणाल्या, “दर वेळी.”

पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दिरांनी विचारले, “दोन वर्षं?”