बिल बेलिचिकवर चीटिंगचा डाग राहाले पाहिजे का?
राहाले पाहिजे, पण सगळं पुसून टाकण्याएवढा नाही. हा अमेरिकन फुटबॉलमधल्या पॅट्रिअट्स टीमचा तेव्हाचा मुख्य कोच. २००७ साली याच्या टीमच्या माणसानं समोरच्या जेट्स टीमच्या कोचेसचे इशारे साइडलाइनवरून कॅमेऱ्यात घेतले, बेलिचिकले ५ लाख डॉलर दंड झाला, टीमचा पहिल्या राउंडचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायची पाळी) गेला, म्हणजे हे नुसते आरोप नाहीत. आमच्या गावच्या कबड्डीत कोच खांद्यावर दुपट्टा टाकते तेव्हा समोरचे पोट्टे लगेच ओळखतात की आता साखळी लागणार, डोळ्यानं पाहिलं तं चालते भाऊ, पण नियमात मनाई असताना शूटिंग करणं वेगळं. तरी मुख्य कोच म्हणून त्यानं जिंकलेल्या ६ सुपर बोलपैकी (म्हणजे तिथल्या लीगच्या फायनलपैकी) ३ त्यानंतरचे आहेत, ते मेहनतीचेच. अन् टीमनं मुद्दाम बॉलमधली हवा कमी केल्याच्या आरोपाच्या भानगडीत तर चौकशीत त्याचा दोष निघालाच नाही, ते तरी त्याच्या माथी मारू नका.